हमीपत्राचा इतिहास : दुरुस्ती किती वेळा?

'हमी' हा शब्द आपल्या व्यवहारात फार वजनाचा आहे. कर्ज काढणाऱ्याला जो जामीन राहतो तो हमी देतो, आणि कर्ज बुडाले तर सावकार त्याच्या दारात येऊन उभा राहतो. नवी मोटार घेताना दुकानदार एक गुळगुळीत पुस्तिका आपल्या हाती ठेवतो. तिलाही हमीपत्रच म्हणतात. फरक इतकाच, की जामिनाच्या हमीत देणारा अडकतो आणि मोटारीच्या हमीत पुष्कळदा घेणारा अडकतो.

हे आम्ही अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक नवी मोटार घेतली. तिसऱ्या महिन्यात पुढच्या डाव्या चाकाकडून घरघर ऐकू येऊ लागली. वर्कशॉपात नेली, बेअरिंग बदलून मिळाले, पैसे पडले नाहीत. आम्ही आनंदाने परतलो. पंधरा दिवसांनी ये रे माझ्या मागल्या! पुन्हा नेली, पुन्हा बेअरिंग बदलले. असे पाच वेळा झाले. दर वेळी चहा मिळाला, आदर मिळाला, आणि दर वेळी तोच आवाज घेऊन आम्ही परत गेलो. अखेर तेथील तरुण गृहस्थांना आम्ही विचारले, "अहो, असे किती वेळा आणायचे?" ते मनापासून म्हणाले, "काका, वॉरंटी संपेपर्यंत कितीही वेळा आणा, एक पैसा लागणार नाही."

त्या वेळी हे उत्तर आम्हाला औदार्याचे वाटले. घरी आल्यावर लक्षात आले, की आमच्या प्रश्नाचे ते उत्तरच नव्हते. आम्ही दुरुस्तीचा दर विचारला नव्हता. दुरुस्तीला शेवट आहे की नाही, हे विचारले होते. आजच्या व्याख्यानात आम्हाला सांगायचा आहे तो या एका प्रश्नाचा इतिहास. विकलेली वस्तू पुन्हा पुन्हा नादुरुस्त होत असेल, तर 'आता पुरे' म्हणण्याचा हक्क घेणाऱ्याला केव्हा मिळाला, कोणी मिळवून दिला, आणि आपल्याकडे तो कितपत आहे?

पाण्यात म्हैस, बाहेर मोल

जुन्या बाजाराचा न्याय साधा होता. घोडा घेणाऱ्याने दात पाहावे, बैल घेणाऱ्याने खूर पाहावे, आणि डोळे मिटून घेतले तर दोष स्वतःलाच द्यावा. 'घेणाऱ्याने सावध राहावे' असे ज्याचे सार, ते तत्त्व इंग्रजी कायद्यात मुरलेले होते. पाण्यात बसलेल्या म्हशीचे मोल बाहेरून ठरवू नये, असे आपले शेतकरीही सांगत आले आहेत. विकणारा व घेणारा समोरासमोर उभे आहेत आणि वस्तू दोघांच्या डोळ्यांपुढे आहे, तोवर या न्यायात फारसे वावगे नव्हते.

पण यंत्रयुग आले आणि वस्तू बनविणारा निराळा, विकणारा निराळा असे झाले. १८४२ साली इंग्लंडमधील एका खटल्यात या नव्या परिस्थितीची प्रथम कसोटी लागली. टपालाची घोडागाडी वाटेत मोडली आणि ती हाकणारा विंटरबॉटम जबर जखमी झाला. गाडी पुरविण्याचा व ती सुस्थितीत ठेवण्याचा करार राइट नावाच्या माणसाने टपालखात्याशी केला होता. न्यायालयाने विचारले, की या गाडीवानाशी राइटने काही करार केला होता काय? नव्हता. मग दावाही नाही! कराराचे नाते नसलेल्यांना असे दावे लावू दिले, तर त्यांना अंतच राहणार नाही, अशी न्यायाधीशांना धास्ती वाटली. विकणाऱ्याच्या जबाबदारीला अंत असावा, ही चिंता त्यांनी अगत्याने वाहिली. घेणाऱ्याच्या त्रासाला अंत असावा, हे मनात यायला अजून फार काळ जायचा होता.

इंग्लंडच्या १८९३ च्या मालविक्री कायद्याने थोडी उघडझाप केली. नेहमी तोच माल विकणाऱ्या व्यापाऱ्याने दिलेला माल बाजारात खपण्यालायक असलाच पाहिजे, अशी न बोललेली हमी व्यवहारात गृहीत धरली गेली. हीच गर्भित हमी १९३० साली आपल्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमात आली. त्या कलमाची रचना मात्र मोठी बोलकी आहे. मालाच्या दर्जाविषयी कोणतीही गर्भित हमी नाही, असे ते आधी सांगते आणि मग अपवाद मोजते. शिवाय करार करून ही हमी बाजूला सारण्याची मुभाही कायद्यात ठेवलेली आहे. ही मुभा मोटारींच्या धंद्याने कशी वापरली ते आता पाहू.

लाकडी आरे आणि छापील कागद

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात मॅक्फर्सन नावाचा एक पाथरवट होता. त्याने १९१० साली एका विक्रेत्याकडून ब्यूइक मोटार घेतली. चालत्या गाडीचे एक चाक कोसळले, त्याचे लाकडी आरे चुरा होऊन पडले, आणि तो गाडीबाहेर फेकला जाऊन जखमी झाला. चाक ब्यूइक कंपनीने दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेतले होते. कंपनी म्हणाली, "चाक आम्ही केले नाही आणि मोटार याला आम्ही विकली नाही." १८४२ च्या न्यायाप्रमाणे हे बिनतोड होते. परंतु १९१६ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी तो न्याय मोटारीला लावण्याचे नाकारले. सदोष झाल्यास जी वस्तू जिवावर उठेल, आणि जी विक्रेत्याच्या हातून दुसऱ्याच कोणाच्या हाती जाणार हे ठाऊक आहे, तिची काळजी घेणे हे बनविणाऱ्याचे कर्तव्यच होय, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे. नीट तपासणी केली असती तर चाकातील दोष दिसला असता, आणि ती तपासणी झालीच नव्हती.

हा निकाल मोठा खरा. पण त्याने हात धरला तो निष्काळजीपणामुळे जायबंदी झालेल्याचा. ज्याची मोटार जीव घेत नाही, नुसती महिन्यातून दोनदा बंद पडते, त्याला यातून काही मिळाले नाही. त्याच्या हाती कारखानदारांनी एक छापील हमीपत्र ठेवले होते.

ते हमीपत्र होते तरी काय, हे १९५५ सालच्या एका मोटारीने जगाला दाखविले. न्यू जर्सी राज्यातील हेनिंगसेन नावाच्या गृहस्थांनी मातृदिनाची भेट म्हणून पत्नीसाठी नवी प्लिमथ मोटार घेतली. गाडी ९ मे रोजी घरी आली. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात. त्यानंतरच्या दिवशी, म्हणजे १९ मे रोजी, बाई गाडी चालवीत असता पुढच्या बाजूला खाली कडाडून आवाज झाला, स्टिअरिंग हातातून गरकन फिरले आणि गाडी रस्त्याकडेच्या फलकाला व विटांच्या भिंतीला जाऊन आदळली. गाडी एकंदर ४६८ मैल चालली होती. पुढच्या भागाचा इतका चुराडा झाला, की नेमके काय तुटले हे सांगण्याचीही सोय उरली नाही.

आता कागद पाहा. खरेदीच्या कराराच्या मागच्या बाजूस साडेआठ इंच बारीक छपाई होती, आणि तिच्यात हमी दडलेली होती. नव्वद दिवस किंवा ४,००० मैल, यांपैकी जे आधी भरेल तोपर्यंत कारखाना सदोष भाग बदलून देईल. तो भाग कारखान्याकडे पाठविण्याचा खर्च घेणाऱ्याचा. भाग सदोष आहे की नाही हे ठरविणार कारखाना. आणि ही हमी इतर सर्व हमींच्या *ऐवजी* आहे. श्रोत्यांनी या 'ऐवजी' शब्दाकडे लक्ष द्यावे. कायद्याने न बोलता दिलेले जे मोठे रक्षण होते, ते या एका शब्दाने काढून घेतले आणि बदल्यात एखादे बेअरिंग हातावर ठेवले. तेव्हा मोटारीचे हमीपत्र हे मुळात घेणाऱ्यासाठी उघडलेले दार नसून कारखान्याने स्वतःभोवती घातलेले कुंपण होते. दुसऱ्या कंपनीकडे जावे, तर तोही मार्ग नव्हता. सगळ्या मोठ्या कारखानदारांच्या संघाने ठरविलेला हाच मजकूर जवळजवळ सगळीकडे होता.

९ मे १९६० रोजी, गाडी घरी आल्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कुंपण मोडले. ज्या करारात घेणाऱ्याला एक शब्द बदलण्याची मुभा नाही, त्यातील अशी अट लोकहिताला बाधक म्हणून निरर्थक ठरली, आणि गर्भित हमी विक्रेत्यावर व कारखानदारावर, दोघांवरही बंधनकारक ठरली. करार पतीने केला होता आणि अपघात पत्नीला झाला होता, हीदेखील अडचण न्यायालयाने मानली नाही.

विश्वास एकदा उडाला, की

यानंतर अमेरिकेत हमीची मुदत वाढविण्याची चढाओढ सुरू झाली. नव्वद दिवसांचे बारा महिने झाले, आणि १९६३ च्या नमुन्यांपासून क्रायस्लरने इंजिन, गिअरबॉक्स अशा भागांना पाच वर्षे किंवा ५०,००० मैल अशी हमी जाहीर केली. जाहिरातीत हे भव्य दिसले. परंतु मुदत वाढली म्हणून दुरुस्ती सुधारली, असे झाले नाही. याचे कारण मोटारीत शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वहीत शोधले पाहिजे.

हमी देतो कारखाना आणि दुरुस्ती करतो डीलर. त्या कामाची मजुरी डीलरला कारखान्याकडून मिळते, आणि ती अमुक कामाला अमुक वेळ अशी आधीच बांधून दिलेली असते. रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून जेवढे मिळते तेवढे हमीच्या कामात सुटत नाही, ही अमेरिकन डीलरांची त्या काळापासूनची तक्रार आहे. भाग बदलला की पैसे मिळतात. तो भाग *का* जातो याचा दोन तास शोध घेतला, तर ते दोन तास भरून मिळतीलच असे नाही. आस वाकडा असेल तर नवे बेअरिंगही जुन्यासारखेच झिजते. ज्या साच्यातून पहिला सदोष भाग निघाला, त्याच साच्यातून दुसराही आलेला असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार! यात कारागीर लबाड असतोच असे नाही. त्याला ज्याचे पैसे मिळतात ते काम तो करतो, आणि गिऱ्हाइकाला हवे असलेले काम कोणाच्याच हिशेबात नसते.

अशा वेळी १९६८ साली न्यू जर्सीच्याच एका न्यायालयाने एक मार्मिक निकाल दिला. शेव्हरोलेट मोटारीच्या एका विक्रेत्याने स्मिथ नावाच्या गिऱ्हाइकावर दावा लावला होता. फेब्रुवारी १९६७ मध्ये या गृहस्थांची पत्नी नवी गाडी दुकानातून घेऊन निघाली. घर अडीच मैलांवर. पाऊण मैलही झाला नाही तोच गाडी सिग्नलला बंद पडली, आणि मग थांबेल तेथे बंद पडू लागली. अर्ध्या वाटेनंतर ती पहिल्या गिअरखेरीज चालेना. पतीने तडक बँकेला कळवून चेक थांबविला. विक्रेत्याने गाडी ओढून नेली, दुकानातील दुसऱ्या नव्या गाडीचे ट्रान्समिशन काढून तिला बसविले आणि म्हटले, "झाली दुरुस्त, घेऊन जा." गृहस्थ म्हणाले, "नको."

न्यायालयाने 'नको' मान्य केले. सामान्य माणूस नवी मोटार घेतो तेव्हा त्याने मोजलेल्या पैशांत मनाची निर्धास्ती आलेली असते. ती एकदा डळमळली, की विकणाऱ्याने आपल्या मर्जीने केलेल्या दुरुस्तीने ती परत येत नाही, असे न्यायालयाने ओळखले. अमेरिकन कायद्यात यालाच 'विश्वास डळमळल्याचे' तत्त्व म्हणतात. आमच्या मते या सबंध इतिहासातील हा सर्वांत मानवी क्षण होय. तोपर्यंतचा कायदा भागांचा विचार करीत होता. येथे तो प्रथमच माणसाचा विचार करू लागला.

चारपर्यंत मोजणी

तरीही आमचा मूळ प्रश्न शिल्लकच होता. गाडी पहिल्याच मैलात बंद पडली तर न्यायालय समजू शकते. पण ती सहा महिन्यांत सहा वेळा बिघडली तर? दर वेळी 'आणखी एक संधी द्या' असे म्हणणाऱ्याला कोठे थांबवायचे?

१९६६ साली अमेरिकेत मोटारसुरक्षेचा कायदा झाला, तो मुख्यतः राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या पुस्तकाने उठविलेल्या खळबळीमुळे. सदोष गाड्या परत बोलावण्याची पद्धत या कायद्यातून रूढ झाली, आणि १९७४ च्या दुरुस्तीने अशा गाड्यांचे काम कारखान्याने विनामूल्य करावे असे ठरले. परंतु हा मार्ग जिवाला धोका असलेल्या दोषांपुरता. नुसत्या मनस्तापाला तेथे जागा नव्हती.

जानेवारी १९७५ मध्ये हमीपत्रांविषयीचा मोठा कायदा झाला. सिनेटर मॅग्नसन व प्रतिनिधी मॉस यांच्या नावांनी तो ओळखला जातो. (त्यावर सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचे आडनाव फोर्ड होते. मोटारवाल्या फोर्ड घराण्याशी त्यांचा संबंध नव्हता.) लेखी हमी देणाऱ्याने गर्भित हमी नाकारू नये, असे या कायद्याने ठरविले. 'ऐवजी' शब्दाचे विष असे उतरले. लेखी हमी 'पूर्ण' की 'मर्यादित' हे शीर्षकातच सांगण्याचे बंधन आले, आणि 'पूर्ण' हमी देणाऱ्याने वाजवी प्रयत्नांनंतरही दोष न गेल्यास गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावे, असे ठरले. यावर मोटार कारखानदारांनी काय केले असेल? त्यांनी आपल्या हमीपत्रांवर 'मर्यादित' हा शब्द छापला आणि ते मोकळे झाले! शिवाय 'वाजवी' म्हणजे किती, हेही मोघमच राहिले.

या मोघमपणाचा शेवट १९८२ साली कनेक्टिकट या लहानशा राज्याने केला. तेथील विधिमंडळाचे एक सदस्य जॉन वुडकॉक यांनी पुढाकार घेऊन एक कायदा करवून घेतला. रद्दी निघालेल्या गाडीला अमेरिकेत बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात, म्हणून तो 'लिंबू कायदा' या नावाने प्रसिद्ध झाला. ठरावीक मुदतीत तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा दुरुस्तीसाठी गाडी एकंदर तीस दिवस अडकून पडली, तर वाजवी प्रयत्न संपले असे गृहीत धरावे. मग दुसरी गाडी तरी द्या, नाही तर पैसे परत करा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही असा कायदा केला आणि पुढे पन्नासही राज्यांनी केला. कनेक्टिकटने तर १९८४ साली असे तंटे मिटविण्यासाठी सरकारी लवादही नेमला.

चार वेळा, तीस दिवस! यात काही तत्त्वज्ञान नाही, काही विद्वत्ता नाही. शाळेतले मूल मोजील एवढेच आकडे आहेत. पण विंटरबॉटमच्या खटल्यापासून या चार आकड्यापर्यंत पोचायला एकशे चाळीस वर्षे लागली. आकड्याची थोरवी अशी, की तो आला की साहेबाची मर्जी संपते. पाचव्या खेपेस वर्कशॉपात जाणारा माणूस विनंती घेऊन जात नाही, हिशेब घेऊन जातो.

ज्या इंग्लंडात १८४२ चा निकाल लागला, तेथे तर २०१५ च्या ग्राहकहक्क कायद्याने आणखी पुढची पायरी गाठली. एकदा दुरुस्ती किंवा एकदा बदली करूनही माल कराराप्रमाणे नसेल, तर घेणारा तो नाकारू शकतो. मोटारीच्या बाबतीत झालेल्या वापराची वजावट होते, एवढेच. तेथे मोजणी एकवरच थांबली.

आपल्याकडे काय?

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट बाहेर पडत होती आणि बंगालमधून अँबॅसडर, तेव्हा मोटार मिळणे हेच भाग्य होते. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. दर्जाविषयी इतकी ओरड होती, की १९६० च्या दशकात केंद्र सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. पुरे पैसे मोजूनही गिऱ्हाइकाला मिळे ती 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' अशी वागणूक. टंचाईत हमीपत्राला अर्थ नसतो, कारण पाठ फिरवून जाण्याला दुसरे दुकानच नसते.

या टंचाईच्या काळातच, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. घेणारा हा बाजाराचा याचक नव्हे, राजा आहे, हे तिचे म्हणणे. पुढे डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. दोष काढून द्या, माल बदलून द्या, पैसे परत करा, भरपाई द्या, असे हुकूम देण्याचा अधिकार ग्राहक मंचांना मिळाला. २०१९ च्या नव्या कायद्याने सदोष उत्पादनाची जबाबदारी कारखानदारावर स्पष्टपणे टाकली आणि अन्यायकारक करारांविरुद्ध दाद मागण्याची सोय केली. त्याच वर्षी मोटारवाहन कायद्यातही सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारकडे आला.

इतके असूनही मोजणीचा आकडा आपल्या कायद्यात नाही. २००६ साली मारुती कंपनीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की हमीपत्रात भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचेच वचन असेल, तर सबंध गाडी बदलून देण्याचा हुकूम करणे योग्य नव्हे. गाडी मुळातच सदोष आहे असे सिद्ध करायचे, तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो. पाच वेळा बेअरिंग बदलले, ही गोष्ट आपोआप पुरावा ठरत नाही. ते पाचाचे गणित मांडण्याचे काम घेणाऱ्यालाच करावे लागते.

म्हणून इतिहासातून निघणारी एक रोकडी गोष्ट सांगतो. जे मोजले जाते ते आधी लिहिलेले असावे लागते. गाडी वर्कशॉपात द्याल तेव्हा जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' असे लिहू देऊ नका. गाडी कोणत्या तारखेला दिली, कोणत्या तारखेला मिळाली, किती किलोमीटर झाले होते, कोणता भाग बदलला, हे सारे त्या कागदावर असू द्या, आणि पैसे पडले नाहीत तरी कागद मागून घ्या. आम्ही पाच वेळा गेलो. आमच्यापाशी कागद निघाले दोन, आणि त्यांतील एकावर 'तपासले, दोष आढळला नाही' असे लिहिलेले होते. चाकाची घरघर मात्र आम्ही सहाव्यांदा, हमीची मुदत संपल्यावर, पदरचे पैसे खर्चून घालविली. एका लहानशा गॅरेजमधील मिस्त्रीने बेअरिंगऐवजी ते जिथे बसते तो भाग तपासला. तो किंचित वाकडा होता.

त्या तरुण गृहस्थांवर आमचा राग नाही. त्यांनी हमीपत्रात जे लिहिले होते तेच सांगितले. 'कितीही वेळा' या दोन शब्दांत जो दोष आहे तो त्या गृहस्थांचा नसून आपण सर्वांनी न मागितलेल्या कायद्याचा आहे. एका लहान राज्याच्या विधिमंडळाला जो आकडा लिहिता आला, तो आपल्या संसदेला लिहिता येणार नाही असे आम्हाला वाटत नाही. तो चार असावा की तीन, यावर खुशाल वाद घालू. पण आकडा असला पाहिजे.